डावीकडचे गादे

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी फजिती आहे आणि ती नीट कळायची तर माझा ताठा किती होता हेही कळायला हवं. प्राणिशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. झाले. प्रमाणपत्र घरी आलं तसं बाबांनी ते पिशवीत घातलं, एसटीने कुडाळला गेले आणि प्लास्टिकमध्ये बंद करून घेऊन आले. "खारो वारो कागद खाता," म्हणाले. गावात तोवर कुणी लग्नपत्रिकाही प्लास्टिकमध्ये घातली नव्हती.

नोकरी लागली ती डॉल्फिन मोजायची. आईने शेजारच्या काकींना ही बातमी दिली तेव्हा मी न्हाणीत होते, पण सगळं ऐकू आलं.

"गादे मोजता? आणि मोजून काय करतली गो? विकतली?"

"सरकाराक सांगतली."

"सरकाराक कित्याक? ते जाळी फाडतत ता सांगूक?"

आमच्याकडे डॉल्फिनला गादा म्हणतात. पाठीवर कुबड असलेला, किनाऱ्याच्या जवळजवळ फिरणारा. दुसरा एक असतो बुलगा. त्याच्या पाठीवर पंखच नसतो, आणि तो इतका लाजरा की श्वास घ्यायला कधी वर आला आणि कधी गेला, पत्ता लागत नाही. मासे मारणाऱ्यांचं गाद्यांवर काही प्रेम वगैरे नसतं. जाळ्यातला बांगडा ओढताना जाळं फाडतात ते. पर्यटकांना दाखवायला बरे, एवढंच. त्यामुळे काकींचा प्रश्न अगदीच वेडा नव्हता.

कामाची रीत अशी. मालवणपासून दक्षिणेला काही किनारा असा आहे की तिथे रस्ता उतरत नाही. वर कातळ, खाली कडे, मध्ये एखादी वाळूची पुळण. तिथे कुठे किती गादे राहतात हे कुणी नीट मोजलेलं नव्हतं. आम्ही होडीने ठरलेल्या रेषेवरून जायचं आणि वरून ड्रोन त्याच रेषेवर पाण्याचं चित्रण करत यायचा. होडीतली माणसं आपल्या डोळ्यांनी गादे बघून ओरडून सांगणार, ड्रोन आपला वरून बघणार. मग दोन्ही जुळवून बघायचं की माणसाच्या नजरेतून किती सुटतात. पाण्याखालचा गादा होडीतून दिसत नाही, वरून मात्र पांढुरका लांबट आकार स्वच्छ दिसतो. ड्रोन उडवायचा परवाना माझ्याकडे होता. गावात मोटरसायकलचा परवाना असलेल्या मुलीही दोनच, त्यातली एक मी.

होडी बाबांची घेतली. हे मी जमवलं नाही. मॅडमनी तीन बंदरांत विचारलं, आणि तिन्हीकडे लोकांनी बाबांचंच नाव सांगितलं. मॅडम म्हणजे आमच्या कामाच्या प्रमुख, घाटावरच्या. भरतीओहोटी त्या वहीत बघायच्या, पण माणूस बरोबर ओळखायच्या. बाबा आमच्या होडीचे तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा कारभारी. कुठे जायचं, जाळं कधी टाकायचं, कधी परत फिरायचं, सगळं तो ठरवतो आणि बाकीचे खलाशी तसं करतात. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, मिशीत पंचवीस वर्षं तेच एक हसू ठेवून मधल्या फळीवर बसायचे.

पहिल्याच आठवड्यात मी ड्रोन बुडवायची वेळ आणली. बॅटरी संपत आली की ड्रोन आपोआप घरी फिरतो, आणि घर म्हणजे तो जिथून उडाला ती जागा. मी तो होडीतून उडवला होता. होडी ओहोटीबरोबर पार पुढे सरकली होती, आणि ही जागा बदलून द्यायची असते ते मी विसरले. तो शहाण्यासारखा परत फिरला आणि दूर, रिकाम्या पाण्यावर उतरायला लागला. रिमोटवर काय दाबायचं ते मला सुचेना.

"हेचा घर खंय?" बाबांनी विचारलं.

"जिथून उडवला तिथे."

"दर्यात घर? कोणी शिकवला तुका ह्या?" असं म्हणेपर्यंत त्यांनी इंजिन फिरवलं होतं. किनाऱ्यावरचा मोबाइलचा टॉवर आणि त्याच्या मागच्या डोंगराची खांड, म्हणजे माथ्यावरची खाच, एका ओळीत घेतली आणि होडी नेमकी त्या जागी आणून उभी केली, जिथून मी ड्रोन उडवला होता. काका उभे राहिले आणि हात वर करून त्यांनी तो खालून, उडत्या कोंबडीचे पाय धरावेत तसा धरला. मॅडमनी मागे वळून किनारा बघितला. मग म्हणाल्या, "यांच्याकडे उपग्रह नाही ना कुठला?"

त्या दिवसापासून ड्रोनला बाबा 'गांधीलमाशी' म्हणायला लागले, आणि माझ्यापेक्षा जास्त काळजी घ्यायला लागले तिची. उन्हात ठेवायची नाही, खाऱ्या हाताने धरायची नाही. तिच्यासाठी गोड्या पाण्याची वेगळी बाटली घेत.

मॅडम पुढे बसून बघायच्या आणि न बोलता आपल्या वहीत लिहायच्या; बाबा मागे सुकाणूजवळ उभे राहून बघायचे आणि ओरडून सांगायचे. मॅडमचा नियम एकच, पण कडक: ज्याला दिसला त्याने सांगायचं, दुसऱ्या कुणी त्याला सुचवायचं नाही. नाहीतर माणसाच्या नजरेचा हिशेब लागत नाही. हा नियम मी काकांना आणि बाबांना मालवणीत समजावून सांगितला. "कोणी कोणाक सांगूक नको. गादो दिसलो तरी सांगूचा नाय. बाबांक दिसलो तर बाबा सांगतले." काका म्हणाले, "होय गो बाय. सांगूचो नाय." बोललेलं सगळं नोंदलं जावं म्हणून सुकाणूजवळ प्लास्टिकच्या पिशवीत एक रेकॉर्डर बांधून ठेवला.

असा सगळा हंगाम गेला. बाबांचे आकडे चांगले यायचे. "गादे, डावीकडे, चार." "उजवीकडे एक, लांब." आवाजात तांडेलाचा तो ठामपणा. मी लिहून घ्यायचे आणि मनात म्हणायचे, बघा, माझे बाबा.

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या, झावळ्यांनी शाकारल्या. मी मालवणात आमच्या कामाच्या खोलीत बसून चित्रण आणि आवाज जुळवायला लागले. एका कानात होडीतला आवाज, समोर वरून दिसणारं पाणी. हे काम एकट्याने करायचं असतं आणि कंटाळवाणं असतं. मला मात्र आवडायचं, कारण वरून आमची होडी दिसायची. शेंगेएवढी. तीत चार ठिपके.

दोन दिवस मी उजवीकडचे प्रसंग जुळवले. उजवीकडे बाबा अचूक. ड्रोनला दिसण्याआधी त्यांनी सांगितलेले गादेही होते. तिसऱ्या दिवशी डावीकडचे घेतले. एका ठिकाणी होडीच्या डाव्या अंगाला, अगदी जवळ, पाच गादे चाललेले. इतके जवळ की वल्हं लांबवलं असतं तर लागलं असतं. आवाजात काय, तर इंजिनची घरघर आणि बाबा काकांना सांगतायत की पुढच्या वेळी पाव आणताना ताजे बघून आण. पाच गादे निघून गेले. बाबा पावावर बोलत राहिले.

मला वाटलं, चित्रण आणि आवाज मागेपुढे झालेत. परत जुळवलं. तेच.

मग पुढचा प्रसंग. ह्यात बाबांनी डावीकडचे बरोबर सांगितले होते. मी आवाज थोडा मागे नेला आणि काकांचं बोलणं ऐकलं.

"दादा, थंय डावीकडे पाणी फुटता ता काय?"

मग बाबा: "गादे. डावीकडे. चार."

"चारच?"

"पाच. पाच आसत."

पुढचा प्रसंग. काका: "दादा, त्या पक्ष्यांच्या खाली काय आसात?" बाबा: "गादे, डावीकडे, दोन." त्याच्या पुढचा. काका: "दादा, तो काळो ठिपको खडक म्हणूचो काय?" बाबा: "खडक खंयचो? गादो तो." मी संध्याकाळपर्यंत तिथेच बसले. डावीकडचा एकही गादा असा नव्हता की जो बाबांनी काकांच्या प्रश्नाआधी सांगितला होता. जिथे काका गप्प, तिथे बाबाही गप्प.

होडीत एक रीत असते, ती सांगायला हवी. तांडेलाला कुणी सांगत नाही. पुढे खडक दिसला तरी खलाशी 'खडक आहे' असं म्हणत नाही. तो म्हणतो, 'तांडेलानू, थंय पाणी पांढरा कित्याक दिसता?' मग तांडेल बघतो आणि हुकूम देतो. सांगणं म्हणजे तुला दिसलं नाही म्हणणं. विचारणं म्हणजे मान. ही रीत मी पाळण्यातून शिकलेय, आईचं बाबांशी बोलणं ऐकून, काकांचं होडीतलं ऐकून. इतकी शिकलेय की चार महिने त्या होडीत बसून काकांचे प्रश्न माझ्या कानांवर पडत होते आणि मला ते ऐकूच आले नाहीत. नियम मीच सांगितला होता: कुणी कुणाला सांगू नका. कुणी सांगितलं नाही. काकांनी फक्त विचारलं. पुढे बसलेल्या मॅडमना इंजिनच्या घरघरीत ते ऐकूच जात नव्हते, पण घाटावरची कुणी मुलगी माझ्या जागी असती तर पहिल्याच दिवशी तिने हात वर केला असता.

मी संध्याकाळी गावी गेले आणि काकांना गाठलं. ते परसात नारळ सोलत होते.

"काका, मी तुमका सांगलेला ना, की बाबांक काय सांगूक नको?"

"मी सांगूक नाय," काका म्हणाले. "मी इचारलंय."

"काका!"

"अगो, सांगूक नको म्हणालंस. इचारूक नको म्हणालंस काय?" मग त्यांनी सोललेला नारळ खाली ठेवला. "दोन पावसाळे झाले. डाव्या अंगाचा काय दिसणा नाय तेका. तो बोलणा नाय, आमी बोलणव नाय."

"कोणाकोणाक म्हायत आसा?"

"होडीत सगळ्यांक."

घरी आले. आई चुलीपुढे होती. मी तिला काही विचारायच्या आतच माझं तोंड बघून तिला कळलं. "काय? कळला तुका?" म्हणाली. "मगे, माका म्हायत नाय? उभो जन्म मासे मारणारो माणूस, दोन वर्सां ताटातलो काटो माझ्याकडून काढून घेता. म्हणता, 'बघ गो, हेच्यात काटे रवले काय?'"

म्हणजे होडीला माहीत, घराला माहीत. पदवीवालीला माहीत नाही.

त्या रात्री मी बरीच चिडले होते, आणि कुणावर तेही धड कळत नव्हतं. माझ्या कामाचं सांगायचं तर मॅडमना खरं सांगावंच लागणार होतं. चुकीचे आकडे खपवायला मी शिकले नव्हते. पण तो भाग सोपा होता. अवघड होती ती बाबांची सुकाणूची जागा. सगळ्यांना माहीत असणं वेगळं आणि बोललं जाणं वेगळं. जोवर कुणी बोलत नाही तोवर बाबा तांडेल. एकदा शब्द तोंडातून बाहेर पडला की मग कुणीतरी काहीतरी करायला लागतं. नारळीपौर्णिमा झाली की होड्या पाण्यात जाणार होत्या. अंधाऱ्या डाव्या अंगाने बाबा सहा माणसांना घेऊन दर्यात जाणार, आणि एखाद्या दिवशी काकांना ताप असला तर?

मी ठरवलं, मॅडमच्या आधी बाबांना सांगायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पडवीत जाळं विणत बसले होते. जाळं ते बोटांनीच विणायचे, बघायचे नाहीत. त्यामुळे तिथेही कधी काही कळलं नाही. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. आधी एक चांगलं चित्रण लावलं. गादीण आणि तिच्या कुशीला चिकटून पोहणारं पिल्लू. पिल्लू श्वास घ्यायला वर येतं तर आईच्या पाठीवरून घसरतं.

बाबांनी सुई खाली ठेवली. "वरसून असा दिसता?" ते पार स्क्रीनला नाक लागेल इतके वाकले. "आवशीक सोडणा नाय बघ. आणि आमी होडीतसून बघी तेव्हा आमका वाटा एकच गादो." मग स्वतःशीच हसले. "मेलो, पाठीवरसून घसारता."

मी दुसरं चित्रण लावलं. "ह्यात कितके गादे, बाबा?"

"तीन."

तीन उजवीकडे होते. दोन डावीकडे, स्क्रीनच्या कडेला. मी चित्रण तिथेच थांबवलं. तेवढं पुरलं. बाबांनी मान वळवली, हळूहळू, जोवर स्क्रीनची डावी कड त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे आली नाही तोवर. मग त्यांना दिसले.

"बापसाची परीक्षा घेतंस?" म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. "तेचसाठी शिकवलंय तुका?"

"बाबा, डोळो दाखवूया. कुडाळाक जाऊया."

ते उठले आणि बंदराकडे निघून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तर आईला सांगायचे, "तुझ्या चेडवाक सांग, मीठ दी." मी त्यांच्या समोर बसलेली. मीठ मी द्यायचे. ते आईला म्हणायचे, "पुरे म्हणान सांग."

तिसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतःच माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. बरोबर काका. काकांना ते धरून आणल्यासारखे घेऊन आले होते.

"ता आवाजाचा काय ता आसा ना, ता लाव," बाबा म्हणाले.

मी लावला. डावीकडचे सगळे, एकामागून एक. काका भिंतीला टेकून जमिनीकडे बघत उभे. 'दादा, थंय पाणी फुटता ता काय?' 'दादा, त्या पक्ष्यांच्या खाली काय आसात?' 'दादा, वारो त्या बाजून येता, तर काय तरी वास येता काय?' हा शेवटचा प्रश्न ऐकून मलाही हसू आलं. गाद्याचा वास! काकांकडे त्या दिवशी दुसरा प्रश्नच उरला नसावा.

बाबा सगळं ऐकत होते. मला वाटत होतं की त्यांना राग येईल. पण त्यांचा चेहरा वेगळाच झाला होता. मग मला उशिरा कळलं. त्यांना वाटत होतं की ते सगळ्यांपासून लपवतायत. आपण किती शिताफीने लपवतोय, याचा त्यांना थोडा अभिमानही असावा. आणि आता ते पहिल्यांदा ऐकत होते की दोन वर्षं सगळी होडी त्यांना सावरत होती.

"कितके दिवस?" त्यांनी काकांना विचारलं.

"आचऱ्याकडे डाव्या अंगाच्या खडकात जाळा अडकलेला, तेव्हापासून."

"तेव्हापासून? आणि मी म्हणतंय, कोणाक पत्तो नाय." बाबा खाली बसले. बसल्याबसल्या त्यांचे खांदे हलायला लागले आणि मला वाटलं रडतायत, म्हणून मी पुढे झाले. हसत होते. "फटकीच्या, वास इचारतंस? गाद्याचो वास?"

"मगे काय इचारू? सगळे प्रश्न संपले माझे!"

दोघे भाऊ हसत राहिले. आई बाहेरून आत आली, तिला काही सांगितलं नाही तरी तीही हसायला लागली. मग बाबा अचानक थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सोमवारी जाऊया. पण एसटीन नको. गावभर व्हतला."

गावभर झालंच होतं, पण मी रिक्षा सांगितली.

मॅडमना मी फोनवर सगळं सांगितलं, काही न लपवता. हंगामाच्या कामाचा एक भाग वाया गेला होता आणि तो माझ्या डोळ्यांदेखत गेला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "डावीकडच्या बाबांच्या नोंदी सगळ्या वगळ. आणि का वगळल्या ते सविस्तर लिही. ही विचारायची रीत लिही. मला चार वर्षं किनाऱ्यावर फिरून ती कळली नव्हती." आणि फोन ठेवता ठेवता: "बाबांना सांग, उजव्या बाजूला त्यांच्याइतकं कुणालाच दिसलेलं नाही. मलाही नाही."

हे वाक्य मी घरी सांगितलं. बाबांनी ते आईसमोर परत सांगायला लावलं. मग शेजारच्या काकी आल्या तेव्हा पुन्हा.

कुडाळच्या डॉक्टरांनी डावा डोळा तपासला. मोतीबिंदू होता, तो काढला. पण मोतीबिंदूच्या मागे काचबिंदूही होता, आणि त्याने खाल्लेली नजरेची कड परत येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. समोरचं दिसेल, डाव्या अंगाचं नाही. आता थेंब रोज घालायचे, म्हणजे आहे ते टिकेल. दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं. बाबांनी मान हलवली. डॉक्टरांपुढे ते शुद्ध मराठीत बोलतात, शाळेत उत्तर देतात तसे. "बरं साहेब. चूक माझी आहे," म्हणाले. मी त्यांच्या तोंडून हे वाक्य त्याआधी कुठल्याच भाषेत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. समोर काका उभे होते. बाबांनी डोळे मिचकावले, थोडा वेळ काकांकडे टक लावून बघितलं आणि म्हणाले, "कितको म्हातारो झालंस रे तू!"

"आता दिसलंय?" काका म्हणाले. "मिशी दोन वर्सां पांढरी आसा माझी."

नारळीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाबा होडीवरच्या झावळ्या काढत होते. मी मदतीला गेले होते. त्यांनीच, झावळी ओढता ओढता, सांगितलं. "उद्या नारळ तुझो काका सोडतलो."

नारळ दर्यात सोडतो तो तांडेल.

"बाबा, डॉक्टर तुमका दर्यात जाव नको म्हणूक नाय."

"डॉक्टर म्हणूक नाय. मी म्हणतंय. सहा जणांची पोरां घरी आसत." झावळी त्यांनी ढिगावर टाकली. "तो बरो तांडेल व्हतलो. दोन वर्सां तोच होतो. माकाच म्हायत नाय होता."

दुसऱ्या दिवशी काकांनी नारळ सोडला. बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते, नवा सदरा घालून, आणि लाट येईल तसं काकांना मागे सर, पुढे सर सांगत होते. आता सांगायला हरकत नव्हती.

पाऊस ओसरल्यावर आमचं काम पुन्हा सुरू झालं. मॅडमनी या वेळी बघणारे दोन केले, डावीकडे एक, उजवीकडे एक. नोंदवहीत उजवीकडच्या रकान्यात बाबांचं नाव मी माझ्या हाताने लिहिलं. आणि नियम नव्याने सांगितला. काकांना समोर बसवून, बोट वर करून. "सांगूचा नाय. इचारूचा नाय. खोकूचासुद्धा नाय."

"शिंक इली तर?"

"शिंक गिळूची."

बाबा होडीच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बसले. तिथे ते मिसरूड फुटायच्या आधी कधीतरी बसले असतील. पहिल्याच लाटेचं पाणी त्यांच्या अंगावर आलं. "मेल्या, होडी हाकतंस की म्हशी धुतंस?" ते मागे वळून ओरडले. काकांनी सुकाणू जरा वळवलं, आणि पुढची लाटही नेमकी त्यांच्या अंगावर आली. हे मुद्दाम होतं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

कड्याच्या खाली, जिथे पुळणीवर फक्त कासवांच्या आणि कुत्र्यांच्या पावलांच्या खुणा असतात, तिथे पाणी शांत होतं. मी गांधीलमाशी उडवली. इंजिन हळू केलं. काका ओठ इतके घट्ट मिटून बसले होते की मिशी पुढे आली होती.

माझ्या स्क्रीनवर डावीकडे दोन बुलगे आले आणि बुडाले. डावीकडे बघणाऱ्या मॅडमना ते दिसले की नाही, मी तोंड वर करून बघितलं नाही. बाबा उजवीकडे बघत होते. मग त्यांनी हात वर केला.

"गादे. उजवीकडे. दोन." थोडं थांबले. "नाय, तीन. एक पिल्लू आसा. आवशीच्या पलीकडच्या अंगाक आसा, म्हणान दिसा नाय."

मी लिहून घेतलं.

"तुझ्या माशीक कितके दिसले?" त्यांनी न वळता विचारलं.

"आता सांगूक येणा नाय, बाबा."

"बरा. संध्याकाळी सांग," ते म्हणाले, आणि पुन्हा पाण्याकडे बघायला लागले.